बावट्याचं जेवण

आमच्या घरात दुपारच्या बातमीपत्राच्या वेळी कुणी बोलायचं नाही, असा नियम होता, आणि आमच्यासारख्या भांडखोर घरात हा एकच नियम पाळला जायचा. रेडिओ देवाच्या फळीवर असायचा. आयने आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाचा त्याला अंगरखा शिवला होता, त्यामुळे पाहुण्यांना फळीवर आणखी एखादा देव बसवलाय असंच वाटायचं. त्याचे सेल संपत आले की आय ते अंगणात बोंबील वाळत घालायच्या वलांडीखाली उन्हात ठेवायची, म्हणजे ते अजून आठवडाभर चालायचे. त्या सेलांना सुकटीचा वास यायचा. पुढे माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली, हेडफोन कानाला लावून परक्यांचे आवाज ऐकण्यात जन्म गेला. पण आवाज म्हटलं की मला आजही आधी सुकटीचाच वास येतो, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

श्रीवर्धनच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी आमचा कोळीवाडा. बाबा तांडेल, म्हणजे होडी चालवणारे. दादा त्यांच्याबरोबर होडीवर. आय मासळी विकायला बाजारात, आणि मी सकाळची शाळा करून दुपारी घरी. म्हणून रेडिओ ऐकायचं काम माझ्याकडे आलं. शहरात बसून बातमी लिहिणाऱ्याची मराठी आमच्या घरात कुणाला कळायची नाही. 'आग्नेय अरबी समुद्रावरील कमी दाबाचा पट्टा तीव्र होण्याची शक्यता' असं तो म्हणाला की आय माझ्याकडे बघायची आणि मी ते आमच्या बोलीत आणायचे. समुद्र 'खवळलेला' म्हणजे लाट होडीत येणार. 'अति खवळलेला' म्हणजे होडी लाटेत जाणार. हे माझं भाषांतर वाड्यात इतकं रुळलं की बाया पाण्यावर एकमेकींना विचारायच्या, 'आज कोन कोनात जातंय?' शाळेत भाषेच्या बाईंनी माझं असं कौतुक कधी केलं नाही.

आता माझा भाचा, दादाचा मुलगा, मला फोनवर समुद्राचा नकाशा पाठवतो. त्यात वारे रंगीत दोऱ्यांसारखे गोल फिरत असतात, आणि पाणी जितकं तापलेलं तितकं लाल दिसतं. हल्ली तो लाल रंग आमच्या बाजूला फार दिसतो. पूर्वी वादळं बंगालच्या उपसागराची, आम्ही आपले निवांत, असं आम्ही मानायचो. मागे आलेल्या त्या मोठ्या वादळात श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, तेव्हापासून कुणी तसं बोलत नाही. पण नकाशाखाली दोन ओळी मजकूर असतो आणि त्यात अजून तेच शब्द असतात, खवळलेला, अति खवळलेला. ते वाचले की मी आपोआप आवाज बंद करून बसते.

बावट्याची पद्धत आमच्याच वाड्याची. वादळाचा बावटा लागायचा तो बंदरावर, सरकारी काठीवर. पण मध्ये टेकडी आड आल्यामुळे आमच्या होड्यांना तो दिसायचा नाही. म्हणून जुन्या माणसांनी आमच्या बाजूच्या टेकडीवर, देवळीच्या मागे, आपली एक काठी रोवली होती. ज्याच्या घरी रेडिओ, त्याच्या घरी बावटा. लाल मांजरपाटाचा मोठा तुकडा. तो काठीवर चढला की दिसेल त्या होडीने जाळं ओढून घराकडे वळायचं, वाद घालायचा नाही. आणि बावटा खोटा ठरला, म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वारा आला नाही, तर ज्या घराने तो चढवला त्याने सगळ्या वाड्याला जेवायला घालायचं. त्या दिवशी पहाटेपासूनच एकही होडी सुटायची नाही, कारण दुपारी पंगत लागलीच तर तिला न बसणं हा त्या घराचा अपमान. याला बावट्याचं जेवण म्हणत. नियम ठरवणारे हुशार होते. उगाच घाबरून कुणी बावटा लावू नये, आणि ज्याने लावला त्याला शिव्या न देता निदान पोटभर जेवून घरी जावं, अशी दोन्हीकडची सोय होती. बाकी लोक जेवता जेवता टोमणे मारायचे ते मारायचेच.

त्या वर्षी पाऊस गेला आणि ऑक्टोबरचं ऊन असं लागलं की खाडीतल्या चिखलावरून चालताना तळवे भाजत. समुद्र मात्र शहाण्या मुलासारखा पडून होता. पाण्यात उतरलं तर गार वाटायचंच नाही, अंघोळीचं पाणी काढून ठेवून विसरल्यासारखं कोमट. मासळी भरपूर. पापलेट असं लागत होतं की घरात कालवणाला सुद्धा पापलेट येत होतं, नाहीतर आम्हाला कायम मांदेली. आय खोबरं, धने, लाल मिरची पाट्यावर वाटायची, दोन आमसुलं टाकायची, आणि चुलीवर नारळाच्या झावळ्या चरचरायच्या. वाड्यात सगळी खुशीत होती. एकदा त्या मोसमात गणू नाखव्याच्या सुनेने बावटा लावला होता आणि वाऱ्याची झुळूकही आली नव्हती. गणू नाखवा वाड्यातला सगळ्यात मोठ्या होडीचा मालक, बाबांचा चुलतभाऊ, आवाजाने टेकडीच्या पलीकडून ओळखू येणारा माणूस. त्याला सगळ्या वाड्याला जेवायला घालावं लागलं होतं, आणि ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. दुसऱ्या कुणाच्या दारात पंगत बसते कधी, याची तो वाट बघत होता.

अशा एका दुपारी आय बाजारातून लवकर आली होती आणि मी रेडिओ लावला. बाबा आणि दादा पहाटेच गेले होते. वाड्यातल्या सगळ्याच होड्या बाहेर. हवामानाची बातमी सांगणारा माणूस नेहमीचाच होता. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. कोरडा आवाज, कधी उतावीळ नाही, कधी दुःखी नाही, तांदूळ निवडावेत तसे शब्द वेगळे करून बोलायचा. त्याने कमी दाबाचा पट्टा सांगितला, तो उत्तरेकडे सरकतोय म्हणून सांगितलं, आणि मग म्हणाला की गोव्यापासून रत्नागिरीपर्यंतच्या मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, उत्तरेकडच्यांनी सावध राहावं. आणि मग त्याने एक गोष्ट केली जी त्याने तोवर कधी केली नव्हती. तो थोडा थांबला आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं.

मी आयला सांगितलं. ती मासळीची पाटी धूत होती. तिने हात पुसले नाहीत.

"आपल्या बाजूचा नाव घेतला काय?"

"न्हाय. रत्नागिरीपर्यंतच. आपल्याला सावध राहा बोलला."

"आनि?"

"आनि तेच परत बोलला. दोन वेळा."

"तो परत बोलत न्हाय कंदी," आय म्हणाली. ती बातमी रोज ऐकायची, कळत नसली तरी. "वारा काय रत्नांगिरीला येऊन थांबतंय? त्याला काय एष्टीचा टिकट काढाचा हाय?"

बंदरावर बावटा लागला नव्हता. नियमाने आमच्या किनाऱ्याचं नाव आल्याशिवाय आपण चढवायचा नाही. चढवला आणि काही झालं नाही तर जेवण आमच्या दारात, आणि भर पापलेटच्या दिवसांत सगळ्या वाड्याचा एक दिवस बुडवल्याचं खापर आमच्या डोक्यावर. नाही चढवला आणि वारा आला, तर बाबा आणि दादा त्या पाण्यावर. आयने पाटी भिंतीला उपडी घातली. मग फळीखालच्या डब्यातून बावटा काढला, लुगडं खोचलं आणि टेकडीची वाट धरली. मी मागोमाग. वाटेत ती एवढंच म्हणाली, "तांदूल हाय घरात."

टेकडीवरून समुद्र दिसला आणि मला रडू यायला लागलं, कारण तो इतका चांगला दिसत होता. निळा, सपाट, कुठे फेसाची रेघ नाही. होड्या जागच्या जागी. आयने दोरीला बावटा बांधला आणि ओढण्याआधी एकदा माझ्याकडे वळून बघितलं. तो दोन वेळा बोलला ना, एवढंच तिला विचारायचं होतं, ते मला कळलं आणि मी होकाराची मान हलवली. तिने ओढला. जवळच्या होड्या लवकर वळल्या. गणू नाखव्याची होडी वळली. आमची सगळ्यात लांब होती, ती वळेना. आय कपाळावर हात धरून बघत होती आणि तोंडाने बाबांना अशा काही शिव्या देत होती की त्या इथे लिहिता येणार नाहीत. "आंधला झालाय काय मेला," ही त्यातली त्यात सौम्य. मला वाटत होतं, बाबांना दिसतंय पण त्यांना पटत नाहीये. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्या होडीचं नाक हळूच किनाऱ्याकडे झालं आणि आय खाली दगडावर बसली.

आम्ही घरी उतरलो आणि मागोमाग बाबा किनाऱ्यावरून वर आले. अर्धं जाळं पाण्यातून रिकामं ओढावं लागलं होतं. गणू नाखवा त्यांच्या आधीच आमच्या अंगणात येऊन उभा होता.

"बंदराव लागलाय काय?" बाबांनी विचारलं.

"न्हाय," आय म्हणाली.

"मंग रेडिओ काय बोलला?"

"रेडिओ रत्नांगिरीपर्यंत बोलला. पुढचा मी बोलले."

गणू नाखवा मोठ्याने हसला आणि म्हणाला, "वयनी, उद्या भाकऱ्या जरा पातल करा. माझं दात गेलं." आय माझं नाव सहज घेऊ शकली असती. पोरीने ऐकलं, पोरीने सांगितलं, असं म्हणाली असती तर खोटं नव्हतं. ती ते त्या दिवशी म्हणाली नाही, नंतर कधीही म्हणाली नाही. मी आज पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर बसून हे लिहिताना तिच्याविषयी मला जे काही वाटतं त्यातलं निम्मं त्या एका न बोललेल्या वाक्यामुळे आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश धुतलेल्या ताटासारखं. दादा अंगणात उभा राहून तोंडात बोट घालून हवेत धरायचा आणि म्हणायचा, "आये, वारा आला बघ, माझ्या बोटाला लागला." आयने त्याला चुलीची राख काढायला लावलं. दुपारपर्यंत पानसुद्धा हललं नाही, आणि मग कुणी काही न सांगता शेजारच्या बाया आपापल्या कोयत्या-विळ्या घेऊन आमच्या दारात आल्या. मासळी कालच्या अर्ध्या जाळ्यातली, ती सगळ्यांना पुरणार नव्हती. म्हणून मी आणि मुली ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढल्या, आणि त्या नादात बातमीची वेळ टळून गेली. गणू नाखव्याच्या सुनेने न मागता नारळ आणून दिले आणि आयच्या कानात काहीतरी बोलली, दोघी हसल्या. भात, तिसऱ्यांचं सुकं, बोंबलाचं कालवण, सुकटीची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या. एवढ्या भाकऱ्या थापल्यावर आयचे तळहात लाल झाले होते. उकाडा असा की पिठाला हात लावण्याआधी घाम पुसावा लागत होता. बाबा घरातच होते, पण ते आयशी एक शब्दही बोलले नव्हते. सांगितलेलं लाकूड मात्र त्यांनी फोडून दिलं.

दुपार कलल्यावर पंगत बसली. अंगणात पत्रावळी मांडल्या आणि टोमण्यांना सुरुवात झाली. गणू नाखव्याने पहिल्याच घासाला विचारलं, "वयनी, आता खरा सांगा, रेडिओ तुमच्याशी वेगला बोलतंय काय?" सगळे हसले. आय वाढत होती, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला ते सहन होईना. मी भाताचं पातेलं हातात धरून मध्येच म्हणाले, "तो दोन वेळा बोलला. मी ऐकलं. मीच सांगितलं आयला." हशा आणखी वाढला. "दोन वेळा बोलला म्हनून जेवान? मंग त्याला म्हनाव, रोज दोन वेळा बोल बाबा," नाखवा म्हणाला. फक्त बाबा हसले नाहीत. त्यांनी पहिल्यांदाच पानावरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. मी कोण आहे हे आठवत असल्यासारखं बघितलं.

बाबा अजून माझ्याकडे बघत होते, आणि मग त्यांची नजर माझ्यावरून मागे गेली, खाडीच्या तोंडाकडे. तिथे लाट फुटत नव्हती, पण पाणी वर येत होतं आणि खाली जात होतं, लांब लांब, वाऱ्याशिवाय. ते उष्ट्या हाताने उठले. "गणू," ते म्हणाले, "दक्षिनेचं पानी उठलंय." असं पाणी उठलं की मागोमाग वारा येतो, हे नाखव्याला सांगावं लागलं नाही. पुढच्या पंगतीला भात वाढला होता, तो तसाच राहिला. सगळ्या वाड्याचे पुरुष एका अंगणात होते, कुणाला बोलवायला जावं लागलं नाही. उष्ट्या हातांनी त्यांनी दोर धरले आणि एकेक होडी खाडीत आत, पार खारफुटीपर्यंत ओढली. शेवटची होडी बांधेपर्यंत पहिला वारा आला आणि आमच्या अंगणातल्या पत्रावळी उडून कौलांवर गेल्या. वारा मग संध्याकाळभर आणि पुढे बराच वेळ होता. आमची अर्धी कौलं गेली, नारळ पडले, खाडीचं पाणी पायरीला लागलं. सगळ्या वाड्याने आमच्या दोन खोल्यांत अंग चोरून रात्र काढली आणि उरलेल्या भाकऱ्या खाल्ल्या.

वारा शांत झाला तेव्हा वाड्यात प्रत्येकाने आपापली माणसं मोजली आणि ती सगळी होती. दक्षिणेकडच्या एका गावातल्या होड्या त्या सकाळी बाहेर गेल्या होत्या, कारण सकाळ इतकी चांगली होती. त्या परत आल्या नाहीत, आणि पुढे कित्येक दिवस त्यांच्या बाया किनाऱ्याने चालत आमच्यापर्यंत विचारत यायच्या. आय त्यांना पाणी द्यायची, बसवायची. त्यांच्यातली एक माझ्या वयाची होती. आम्हीही त्या सकाळी गेलोच असतो, बाबा पहिले गेले असते. वारा बावट्याच्या मुदतीपेक्षा काही तास उशिरा आला. बावटा खोटा ठरला म्हणून जेवण लागलं, आणि जेवणाचा दिवस म्हणून पहाटेपासून होड्या सुटल्या नाहीत. आयला वादळ कळलं होतं असं मी कधी म्हणत नाही. तिला एवढंच कळलं होतं की भात घालण्याने माणूस मरत नाही. आणि त्या कोरड्या आवाजाच्या माणसाला, जो कदाचित कागदावरून नजर चुकली म्हणूनही ते वाक्य पुन्हा वाचून गेला असेल, त्याला मी आयुष्यभर मनातल्या मनात नमस्कार केलाय. त्याला हे कुणी सांगायला हवं होतं, एवढंच वाटतं.

गणू नाखवा दोन दिवसांनी आला तो खांद्यावर तांदळाचं पोतं घेऊन. वाड्यातल्या प्रत्येक घरातून शेर-शेर गोळा केलेलं. पोतं त्याने पायरीवर टेकवलं. "वयनी, बावटा खोटा न्हवता," एवढं म्हणाला. "मंग जेवान पन आमच्या अंगावर न्हाय राहिला पायजे."

आय म्हणाली, "भावजी, जेवलात ते जेवलात. न्या परत. त्या दक्षिनेच्या गावात पोचवा, तिथं चुली बंद हायत." तो पोतं उचलून गेला, आणि पुढच्या ओहोटीला होडीने स्वतः नेऊन दिलं.

मग समुद्र निवळला. बाबांनी जाळं नीट केलं, दादाने इंजिनात तेल घातलं. निघायच्या दिवशी भरती दुपारची होती. मी शाळेतून नुकतीच आले होते, दप्तर अजून खांद्याला होतं. आमच्याकडे तांडेल निघताना त्याला कुणी काही विचारत नाही आणि तो कुणाला काही विचारत नाही, समुद्राच्या गोष्टी त्याने एकट्याने ठरवायच्या असतात. बाबांनी जाळं खांद्यावर घेतलं, दारापर्यंत गेले आणि थांबले. आय चुलीपाशी होती, दादा खाली होडीवर. बाबा मागे वळले आणि त्यांनी मला विचारलं, "मंजू, जावू काय?"

मी दप्तर खाली ठेवलं. फळीवरचा रेडिओ अजून बंद होता, बातमीला थोडा वेळ होता.

"थांब बाबा," मी म्हणाले. "ऐकून सांगते."

बाबांनी जाळं खांद्यावरून उतरवलं आणि दारात बसून राहिले.